वरच्या घराचं शीत

किनुएसानचं घर वरच्या अंगाला, त्याखाली माझं, आणि माझ्या खाली ओकुमुरासानचं. आमच्या वस्तीत पत्ता असाच सांगतात, पाण्याच्या वाटेने. प्रत्येकाच्या स्वयंपाकघराला लागून एक पाणघर असतं, त्याला आम्ही काबाता म्हणतो. तिथे जमिनीतून झरा वर येतो. तो आधी दगडी कुंडात, ते पाणी प्यायचं. कुंडातून सांडलं की मोठ्या हौदात, तिथे उष्टी भांडी बुडवून ठेवायची. हौदातले कोई मासे पातेल्याला चिकटलेला भात आणि मिसोचं सार चाटूनपुसून खातात. मग ते पाणी पाटाला, पाटातून खालच्या घराच्या हौदात, असं करत करत बिवा सरोवराला मिळतं. इथल्या पोराला नीट चालताही येत नसतं तेव्हापासून एकच गोष्ट बजावतात, तुझ्या हातून पाण्यात जे पडेल ते खालच्या घरी पोचेल.

त्यामुळे किनुएसानला मी तोंडाने कमी आणि पाण्याने जास्त ओळखते. मुळ्याचं एखादं पान तरंगत आलं की समजायचं, बाई उठल्या. पाटाच्या कडेने खेकडे खाली पळत सुटले की समजायचं, मांजराने पाणघरात धुमाकूळ घातला. पण मी या घरात सून म्हणून आले त्या दिवसापासून वरून भाताचं एक शीत कधी आलं नव्हतं. शीत खाली जाऊ देणं म्हणजे आमच्याकडे कचरा दुसऱ्याच्या ताटात टाकणं. आणि किनुएसानच्या हौदात तर म्हातारबा होता. त्याच्या तोंडून काही सुटणं शक्यच नव्हतं.

म्हातारबा म्हणजे त्यांचा कोई. रंगीत बिंगीत काही नाही, साधा काळसर, माझ्या हाताएवढा लांब. त्यांचे यजमान शोकिचीसान सरोवरात वेळूचे सापळे लावून मासेमारी करायचे. सापळ्यात अडकलेलं एक बोटभर पिल्लू त्यांनी खिशातल्या डब्यातून घरी आणलं, ते हे. माझं लग्न त्याच वर्षीचं. शोकिचीसान मला चिडवायचे, "या वर्षी गल्लीत दोन नवीन माणसं आली. एक खातं आणि गप्प बसतं." शोकिचीसान गेले, त्यांची होडी विकली गेली, आणि घरात त्यांच्या हातचं जिवंत असं फक्त म्हातारबा उरला. किनुएसान पातेलं बुडवताना त्याच्याशी बोलायच्या. काय बोलायच्या ते मी ऐकायला जात नसे. भिंतीपलीकडून नुसता सूर यायचा.

त्या मूळच्या डोंगरातल्या. लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी तोंडाला लावलेली पांढरी पावडर त्यांनी साबण लावून हौदात धुतली. माहेरी ओढा होता, ओढा सगळं वाहून नेतो, एवढंच त्यांना ठाऊक. खालच्या, म्हणजे आमच्या, घरातल्या बाई तांदूळ धुवायला बसल्या तर पाण्यावर फेस. सासू सुनेला एक शब्द बोलली नाही. चांगला किमोनो नेसली, मिठाईचा डबा घेतला, सुनेला बरोबर नेलं आणि तिच्यादेखत खालच्या घराच्या उंबऱ्यात जमिनीला कपाळ टेकवून माफी मागून आली.

"दोन थोबाडीत मारल्या असत्या तर केव्हाच विसरून गेले असते गं मित्सुयो," किनुएसान मला सांगायच्या. "पण तिचं ते कपाळ! अजून दिसतं."

त्यानंतर त्यांच्या हातून पाण्यात कधी काही वाईट गेलं नाही. माणसांच्या बाबतीतही जवळजवळ तसंच. जनावरांच्या बाबतीत मात्र बाईंना धरबंद नव्हता. कोणाला आणायला त्या गेल्या नाहीत, पण आलेल्याला नाहीही म्हटलं नाही. तिळाच्या रंगाची एक मांजर एका पावसात आली आणि चुलीपाशी निजली, ती गोमा. आयत्या बिळावर नागोबा! एक मुंगसासारखा वीझल दर हिवाळ्यात छपराखाली वाळत घातलेले मासे पळवायचा, तर या त्याला ओरडायच्या, "ने रे बाबा, पण बरणी पाडू नकोस." छपरावर घार बसायची. वेळूच्या बेटातले पक्षी उन्हाळाभर कलकलाट करायचे आणि माझं डोकं उठायचं. त्या म्हणायच्या, "तुझ्यापेक्षा कमीच बोलतात."

मग तो बगळा आला.

राखी बगळा, उंचीने त्यांच्या कमरेपर्यंत. कडाक्याच्या थंडीत हौदाच्या काठावर येऊन उभा राहिला आणि हलेना. एका पायाला मासेमारीची नायलॉनची दोरी इतकी करकचून गुंडाळलेली की पाय सुजून वाकडा झालेला. किनुएसानने मला हाक मारली. मी ॲप्रन काढून त्याच्या डोक्यावर टाकला आणि चोच दोन्ही हातांनी दाबून धरली. त्यांनी कात्रीने दोरी कापली. सुटल्या सुटल्या त्याने पहिलं काम काय केलं असेल तर माझ्या मनगटाला टोच मारली.

"अहो, कापलं तुम्ही, धरलं मी, आणि टोचा मला?"

"त्याला कळतं कोण किती मनापासून करतंय ते," म्हातारी खुशाल हसत म्हणाली.

एक पाय पोटाशी घेऊन, डोळे मिटून, राखाडी कफनीतल्या साधूसारखा तो तिथे उभा राहायचा. म्हणून त्यांनी त्याचं नाव बुवा ठेवलं. बगळ्याचं ध्यान कशासाठी असतं हे सगळ्या जगाला माहीत आहे, पण त्यांच्यापुढे बोलायची सोय नव्हती. बंदरावरच्या कोळ्यांच्या जाळ्यात जे परदेशी मासे येतात आणि कोणाला नको असतात, त्यांची बादली भरून त्या रोज सायकलवरून आणायच्या. बुवा खायचा, पुन्हा ध्यान लावायचा. खाली हौदात म्हातारबा शांतपणे फिरत असायचा. सगळा हिवाळा दोघं असे वीतभर अंतरावर राहिले. खोटं कशाला बोलू, बघायला मी पण जायची.

पण भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. वसंत आला, बुवाचा पाय बरा झाला, वाकडा तो वाकडाच राहिला. माणसाची भीती तर गेलेलीच होती. बादली यायला उशीर झाला की स्वारी पाटाच्या काठाने लंगडत खाली यायची. आधी माझ्या हौदातली बारकी पिल्लं गेली. मग एका सकाळी ओकुमुरासानच्या हौदातले मासे.

ओकुमुरासान आमच्या वस्तीचे मुख्य. त्यांचे कोई रंगीत, लांबून आणलेले, आणि त्यांचं कौतुक ते लग्नाच्या मुलींसारखं करायचे. ते किनुएसानच्या दारात आले तेव्हा मी तिथेच ओट्यावर चहा पीत होते.

"तुमचे बुवा जेवून गेले आज आमच्याकडे," ते म्हणाले. "लाल-पांढरी घेतली, सोनेरी घेतली. पोट भरलं असेल अशी आशा आहे."

किनुएसानने खाली वाकून माफी मागितली. मिठाई घेऊन येते म्हणाल्या.

"मिठाई नको. त्याला खायला घालणं थांबवा. नाहीतर मला नगरपालिकेत सांगून माणसं बोलवावी लागतील, आणि ती माणसं त्याला काही बागेत नेऊन सोडत नाहीत."

"तुमच्या हौदावर जाळं बांधून देते मी. स्वतः बांधते. तो वाईट नाही हो. माझ्या म्हातारबाच्या शेजारी सगळा हिवाळा उभा आहे, त्याने कधी चोच लावली नाही."

"आज नाही लावली म्हणून उद्या लावणार नाही?"

तिथे म्हातारीला राग आला. मी तिला रागावलेली क्वचित पाहिली होती. "ज्या दिवशी तो माझ्या म्हातारबाला चोच लावेल," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मी स्वतः येऊन तुम्हाला सांगेन, न्या त्याला. शब्द देते. मित्सुयो साक्षीला आहे."

मी चहात तोंड घातलं. मला कशाला मधे घ्यायचं? पण आता घेतलं होतं. ओकुमुरासान गेले. जाळं किनुएसानने खरंच बांधून दिलं, आणि तेवढ्यावर सगळं थांबलं.

पावसाळी दिवसांत त्यांच्या भावाचं श्राद्ध होतं. त्या डोंगरात माहेरी गेल्या, संध्याकाळी परत येणार होत्या. गोमाला माझ्याकडे सोडलं. बुवाचं काही बोलल्या नाहीत. मला विचारलं असतं तर मी नाकच मुरडलं असतं, आणि ते त्यांना माहीत होतं. रात्रभर पाऊस कोसळला, वरच्या रस्त्यावर दरड आली, बस बंद. त्या आल्या दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला. मांजर घेतली, आभार मानले, गेल्या.

त्याच्या पुढच्या सकाळी मी तांदूळ धुवायला पाणघरात बसले आणि पाटाच्या तोंडातून शीत आलं.

एक नाही, पाच-सहा. मागोमाग खरपुडीचा एक तांबूस तुकडा, गोल गोल फिरत. माझे मासे धावले. मी हातातली चाळणी तशीच धरून बसले. वर म्हातारबा असताना हे होणं शक्य नव्हतं. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, मी त्या शितांवरून म्हातारबा गेल्याचं ओळखलं. खरपुडीचा तुकडा माशांना चुकवून खालच्या जाळीकडे निघाला होता. खाली ओकुमुरासान. मी तो चाळणीने उचलला आणि चक्क तोंडात टाकला. का, ते मलाही सांगता येणार नाही. बगळ्यावर माझं काडीचं प्रेम नव्हतं.

खारवलेल्या उमेची, म्हणजे आंबट जर्दाळूंची, वाटी घेऊन वर गेले. किनुएसान पाणघराच्या दारात उभ्या राहिल्या, दार अडवून. "छान झालेत का यंदाचे?" त्यांनी विचारलं. चहा घे म्हणाल्या नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यांच्या खांद्यावरून मला भिंतीवर बसलेला बुवा दिसला, एका पायावर, डोळे मिटून.

"बरे आहात ना?" मी विचारलं.

"मला काय झालंय? प्रवासाने अंग दुखतंय जरा."

मी परत आले. त्यानंतर वरून काही आलं नाही. शीत नाही, मुळ्याचं पानही नाही. म्हातारी पातेली कागदाने पुसून मग धूत असणार. पाणी अगदी निर्मळ येत होतं. रोज बादली मात्र बंदरावरून येत होती. तिने शब्द दिला होता, साक्षीला मी होते, आणि आम्ही दोघी भिंतीच्या अलीकडे पलीकडे गप्प बसलो होतो.

पण ही चुप्पी किती दिवस चालणार? पुढच्या रविवारी पाटाची सफाई होती. तेव्हा सगळी वस्ती रबरी बूट घालून पाण्यात उतरते, कोयत्यांनी पाणगवत कापते, आणि मुख्य प्रत्येकाच्या पाणघरात जाऊन हौदाची जाळी उचलून बघतो. आदल्या संध्याकाळी मी माझ्या हौदातला सगळ्यात थोराड कोई बादलीत घेतला आणि वर गेले.

"हा ठेवा उद्यापुरता," मी म्हटलं. "काळाच आहे. ओकुमुरासानना चष्मा लागतो."

किनुएसानने बादलीत बघितलं, मग माझ्याकडे. या वेळी दार अडवलं नाही. आत नेलं. हौदात नुसतं पाणी होतं.

"पाठीत एकच भोक होतं," त्या म्हणाल्या. "गिळता तर येणारच नव्हता त्याला. एवढा मोठा. दोन दिवस उपाशी, म्हणून मारला आणि टाकून दिला. मी आले तर तरंगत होता. पर्सिमनच्या झाडाखाली पुरला." मग म्हणाल्या, "आणि सकाळी पातेलं घेतलं नि नेहमीसारखं बुडवलं. हाताला कळलंच नाही गं. तुझ्याकडे शितं आली असतील."

"नाही आली."

"मित्सुयो."

"आली. खाल्ली माझ्या माशांनी. त्यात काय एवढं?"

त्या ओट्यावर बसल्या आणि रडल्या. मी त्यांना शोकिचीसानच्या वेळीही रडताना पाहिलं नव्हतं. गोमा येऊन बादलीत डोकावू लागली, तिला मी ढकललं.

"बगळ्याचा दोष नाही," डोळे पुसून त्या म्हणाल्या. "तो बगळा आहे. हातचं खायची सवय मी लावली. साबण नाही सोडला मी पाण्यात पुन्हा, पण हे सोडलं. तुझी पिल्लं गेली, त्यांचे कोई गेले, आणि मी आपली म्हणत बसले, वाईट नाही हो, वाईट नाही. तुझा मासा घेऊन जा घरी."

"मग उद्या?"

"उद्याचं उद्या."

दुसऱ्या दिवशी ओकुमुरासान कोयता कमरेला अडकवून त्यांच्या दाराशी आले, तर म्हातारी आधीच बाहेर उभी. अंगावर सफाईचे कपडे नाहीत. चांगला किमोनो होता, हातात मिठाईचा डबा. पाटात उभी असलेली सगळी माणसं बघत होती. त्या गुडघ्यांवर बसल्या आणि ओल्या दगडांवर कपाळ टेकवलं.

"बुवाने म्हातारबाला मारलं," त्या म्हणाल्या. "आठवडा झाला. मी लपवलं. शब्द दिला होता, आता सांगते. न्या त्याला."

ओकुमुरासानने डोक्यावरची टोपी काढली. "म्हातारबाला?" एवढंच म्हणाले. शोकिचीसानबरोबर होडीवर जाणाऱ्या पोरांत ते एक होते, त्यांनी तो बोटभर असतानाचा पाहिला होता. "आधी उठा बघू तुम्ही. उठा. मित्सुयोसान, उठवा यांना."

मी उठवलं. किमोनोच्या गुडघ्यांना शेवाळ लागलं होतं.

"माणसं बोलावली की ती मारणारच," ओकुमुरासान हळू आवाजात म्हणाले. "मी महिनाभर थांबतो. तोवर तो माणसांना सोडून सरोवरावर गेला, तर मी काही पाहिलं नाही. पण तो तुमच्यामुळे इथे आहे. गेला तर तुमच्यामुळेच जाईल."

म्हणजे काय ते आम्हाला दोघींना कळलं.

दुसऱ्या सकाळी बादली आली नाही. पाणघराचं दार लावलेलं. बुवा भिंतीवरून उतरून दाराशी गेला आणि चोचीने वाजवू लागला. टक, टक. थांबायचा, पुन्हा टक, टक. मी माझ्याकडे भांडी घासत होते, मला ते ऐकवेना. किती दिवस हे चाललं ते मोजायचं धैर्य मला नव्हतं. तो वाळला. वाकड्या पायाने पाटात उभा राहायचा, पण मासा धरायचा विसरला होता की काय कोण जाणे.

मग एकदा वरून ओरडणं ऐकू आलं. धावत गेले. किनुएसान अंगणात, हातात पाण्याचा लांब दांड्याचा पळा. ज्या बाईने वीझलला सुद्धा "बाबा" म्हटलं, ती बुवाच्या अंगावर पळ्यामागून पळे पाणी फेकत होती. "नीघ! चालता हो! इथे काही नाही तुझं! नीघ म्हणते ना!" तो पंख अर्धे उघडून मागे सरकला, पुन्हा पुढे आला. तिने पळा फेकून मारला. तो त्याच्या पंखाला लागला. बुवाने तिच्याकडे एकदा मान वाकडी करून पाहिलं, मग उडाला, छपरावरून, वेळूच्या बेटाकडे.

"लागलं का गं त्याला?" त्यांनी मला विचारलं. "पंखाला लागलं का?"

"नाही. उडाला ना चांगला."

"चांगला उडाला?"

"चांगला उडाला."

तो परत आला नाही. पाट जिथे सरोवराला मिळतो तिथे वेळूच्या कडेला एक वाकड्या पायाचा बगळा उभा असतो, असं बंदरावरचे कोळी सांगतात. मी स्वतः पाहिला आहे, चोचीत मासा होता. ओकुमुरासाननेही पाहिला असणार, कारण महिना उलटला आणि त्यांनी विषय काढला नाही. किनुएसान मात्र त्या बाजूला जात नाहीत. सायकल परसात उभी असते. रंगीत कोईंची दोन पिल्लं ओकुमुरासानने त्यांना देऊ केली, त्यांनी हात जोडून नको म्हटलं. हौद मोकळाच ठेवला. वरून पाणी येत राहिलं, निर्मळ, त्यात काही म्हणजे काही नसायचं. रोज सकाळी ते रिकामं पाणी बघून मला वाटायचं, म्हातारी उठली की नाही हे तरी आता मी कशावरून ओळखू?

शेवटी एकदा चहा पिताना मी म्हटलं, "एक सांगू? उद्यापासून पातेली पुसत बसू नका. बुडवा नेहमीसारखी. येऊ द्या शितं खाली. माझे मासे खातील."

त्यांनी पेला खाली ठेवला. आमच्याकडे असं कोणी कोणाला म्हणत नाही. खालच्या घराने वरच्याला उष्टं पाठव म्हणणं, हे त्यांनी जन्मात ऐकलं नसेल. मीही नव्हतं ऐकलं.

"काहीतरीच काय बोलतेस," त्या म्हणाल्या. "सासू वरून बघतेय माझी."

"बघू दे की. मिठाईचा डबा वाचेल तिचा."

त्या हसल्या नाहीत. मी विषय सोडला. झाडांची पानं गळली, पर्सिमन पिकले, त्या झाडाखाली त्या झाडू मारताना दिसायच्या. वरून काही येत नव्हतं.

काल सकाळी पहिलं दहिवर पडलं. मी तांदूळ धुवायला बसले, हात गारठले होते. पाटाच्या तोंडातून मुळ्याचं एक पान आलं. आणि त्या पानावर, मुद्दाम ठेवावं तसं, भाताचं एक शीत.